वीणा खाली ठेवायची नसते



सप्ताहात जो कधी पहाऱ्याला उभा राहिला आहे, त्याला एक गोष्ट वेगळी सांगावी लागत नाही. सात दिवस, रात्रंदिवस, वीणा जमिनीला टेकत नाही. मध्यरात्र उलटते, डोळे मिटायला लागतात, पाय भरून येतात, तरी वीणेकरी वीणा भिंतीला टेकवून घरी जात नाही. पुढचा पहारेकरी येतो, घेणारा देणाऱ्याच्या पाया पडतो, देणाराही घेणाऱ्याच्या पाया पडतो, आणि मगच वीणा एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. आमच्या गावच्या सप्ताहात रात्री दोन ते चारचा पहारा कितीतरी वर्षे माझ्याकडे आहे. या रीतीचा अर्थ मात्र मला यंदा कळला, तोही देवळात नाही. घरात, परदेशी जायची तयारी करताना.

आमचे गाव फलटण तालुक्यात, माउलींच्या पालखीच्या वाटेपासून थोडे आत. घरी चार एकर शेती, दोन गाई, आणि मी जवळच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात यंत्रांच्या देखभालीचे काम करतो. यंदाची आषाढी झाली आणि श्रावणात साहेबांनी बोलावून सांगितले, की ओमान देशात सोहार येथे नवीन प्रकल्प उभा राहतो आहे, तिथे दोन वर्षांसाठी माणूस हवा आहे. पगार इथल्यापेक्षा पुष्कळ जास्त. राहण्याची सोय कंपनीची. कुटुंबाला मात्र नेता येणार नाही. विचार करायला आठ दिवस दिले होते. मी त्याच दिवशी सही करून आलो.

घरी वडील आहेत. त्यांना आम्ही आण्णा म्हणतो. वय ७९. पंचेचाळीस वर्षे त्यांनी आळंदी ते पंढरपूर पायी वारी केली. तीन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला आणि डावी बाजू अधू झाली. वॉकर धरून अंगणापर्यंत येतात, तुळशीपाशी बसतात. आई चार वर्षांपूर्वी वैकुंठवासी झाली. रोज रात्री जेवण झाले की तिळाचे तेल कोमट करून त्यांचा हातपाय चोळायचा, हा माझा नेम. तेव्हा ते हळू आवाजात हरिपाठ म्हणतात. शब्द अडखळला तर मी पुरवतो.

आपण वारकऱ्यांनी पुंडलिकाची कथा किती वेळा ऐकली असेल! आईवडिलांचे पाय चेपताना देव दारात आला, तर भक्ताने वीट पुढे केली आणि थांबायला सांगितले. युगे गेली, देव अजून उभा आहे. कीर्तनात ही कथा ऐकताना मला नेहमी वाटे, की घरी बापाचे पाय चोळतो म्हणजे आपणही थोडेफार त्याच वाटेवर आहोत. ओमानच्या कागदावर सही केली त्या रात्री तेलाची वाटी हातात घेतली, आणि ती कथा उलटी होऊन माझ्यापुढे उभी राहिली. पुंडलिकाने देवाला थांबवले, आईबापांना थांबवले नाही. मी कुणाला थांबायला सांगतो आहे? देवाचे वय होत नाही. तो अठ्ठावीस युगे उभा राहू शकतो. ७९ वर्षांच्या आण्णांपुढे कुठली वीट टाकू, की दोन वर्षे असेच थांबा म्हणून?

मग मन वकिली करू लागले. मनासारखा वकील नाही. ते म्हणाले, मुलांच्या शिक्षणासाठी जातो आहेस. घराचे कर्ज आहे, सोसायटीचे कर्ज आहे. हा त्यागच आहे. आणि आपली वारकरी शिकवण काय सांगते? प्रपंच नाशवंत आहे, कुणी कुणाचे नाही, माया तोडावी. मग थोडे दिवस दूर राहिले तर बिघडले काय?

या दोन्ही युक्तिवादांत खोट आहे, हे मला कळत होते. पण कुठे आहे ते सापडत नव्हते. ती दाखवली माझ्या पत्नीने.

मी एक वही केली होती. माझ्यामागे घरातली कोणती कामे कुणी करायची, याची यादी. आण्णांच्या गोळ्या, सकाळच्या चार आणि रात्रीच्या तीन. महिन्यातून एकदा फलटणला डॉक्टरांकडे. रात्रीचे तेल. पाण्याची पाळी आली की दारे धरायला जाणे, आणि लाईट बहुतेक रात्रीचीच असते. सकाळ-संध्याकाळ डेअरीला दूध घालणे. मुलीची नववी, मुलाची पाचवी. बँकेचा हप्ता. नोव्हेंबरात आण्णांच्या पेन्शनसाठी हयातीचा दाखला. सव्वीस कामे निघाली. प्रत्येकापुढे मी कुणाचे तरी नाव लिहिले, आणि सव्वीसपैकी एकवीस ठिकाणी एकच नाव आले. वही मोठ्या समाधानाने मी तिच्यापुढे ठेवली. माणूस किती विचारपूर्वक निघाला आहे, हे तिला दिसावे म्हणून.

तिने ती शांतपणे वाचली. मग म्हणाली, "यात मी आत्ता जी कामं करते ती कुठायत?"

मी म्हणालो, "ती तर तू करतेसच."

ती म्हणाली, "तेच म्हणते मी. तुमची कामं मोजली, माझी मोजलीच नाहीत. मोजली असती तर ही एकवीस कुठं ठेवायची, ते तुमच्याच ध्यानात आलं असतं." थोडा वेळ थांबून तिने आणखी एक वाक्य उच्चारले. "आणि अहो, तुम्ही जाणार हे मला सांगितलंत. विचारलं कधी?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. कारण विचारले नव्हते. आठ दिवस मिळाले होते, त्यातला एकही मी घराला दिला नव्हता.

त्या रात्री मला विठ्ठलपंतांची आठवण झाली. ज्ञानोबारायांच्या वडिलांची ही कथा आपल्या सर्वांना ठाऊक आहे. वैराग्याच्या ओढीने ते घर सोडून काशीला गेले आणि आपण गृहस्थ आहोत हे गुरूंपासून लपवून त्यांनी संन्यास घेतला. पुढे तेच गुरू यात्रेला निघाले असता आळंदीला आले. रुक्मिणीबाईंनी त्यांना नमस्कार केला, गुरूंनी संततीचा आशीर्वाद दिला, आणि त्यातून सगळी हकीकत उघड झाली. गुरूंनी विठ्ठलपंतांना घरी परत पाठवले. त्यांच्यापुढे शिष्याचे वैराग्य आणि एका स्त्रीची न विचारलेली संमती अशा दोन गोष्टी होत्या, आणि त्यांनी दुसरी जड मानली. संन्यासासारख्या मोठ्या गोष्टीसाठी जाणाऱ्यालाही जर मागे राहणाऱ्याला खरेपणाने विचारल्यावाचून जाता येत नाही, तर पगारवाढीसाठी जाणाऱ्याने काय समजावे?

वैराग्याबद्दलची माझ्या मनाची वकिली तिथे संपली. माया तोडायची ती आपल्या लोभाची, आपल्या सुखाची. दुसऱ्याला आपली गरज आहे, ती गरज तोडायचा अधिकार आपल्याला कुणी दिला? बापाच्या पायाला तेल लावणे ही माझी आसक्ती नाही, त्यांची निकड आहे. तिच्याबद्दल मी विरक्त झालो तर ते वैराग्य नव्हे, बेफिकिरी आहे.

आणि 'त्याग' या शब्दाचे काय? दुसऱ्या दिवशी शेताच्या बांधावर बसून मी स्वतःला विचारले, की खरे सांग, कशासाठी जातोस? कर्जासाठी, हे खरे. मुलांसाठी, हेही खरे. पण विमानात बसायचे आहे, गावात नाव व्हायचे आहे, बाहेरदेशी काम केलेला माणूस म्हणून पुढे बढती हवी आहे, हेही तितकेच खरे. आणि आणखी एक, जे लिहिताना लाज वाटते, पण लपवले तर हा लेख लिहून उपयोग नाही. तीन वर्षांच्या आजारपणाने मी थकलो आहे. रोजच्या त्या तेलाच्या वाटीतून दोन वर्षे सुटका मिळेल, असे मनाच्या कोपऱ्यात कुठेतरी होते.

इच्छा असणे पाप नाही. पण तिला त्यागाचे नाव दिले की मागे राहणाऱ्यावर दुहेरी ओझे पडते. कामही त्याने करायचे आणि वर उपकारही मानायचे. 'मी तुमच्यासाठीच वाळवंटात राबतो आहे,' असे म्हणणाऱ्याला घरचा माणूस रागाने एक शब्द बोलू शकत नाही. म्हणून मी पत्नीला जाऊन खरे सांगितले. तेलाच्या वाटीचेसुद्धा सांगितले. ती म्हणाली, "मला वाटलंच होतं. मलापण कधीकधी वाटतं." इतक्या वर्षांच्या संसारात आम्ही इतके मोकळे क्वचित बोललो असू.

मग मी विचारले. कागदावर सही झाली होती, पण ती मागे घेता येत होती. तू नाही म्हणालीस तर मी जाणार नाही, असे म्हणालो, आणि ते मनापासून म्हणालो. तिने दोन दिवस घेतले. तिसऱ्या दिवशी तिने तीन अटी घातल्या.

पहिली अट पैशांची होती. तिकडून येणाऱ्या पैशांतून आण्णांसाठी दिवसा एक माणूस ठेवायचा. दुसरी अट भावंडांची. पुण्याला असलेल्या माझ्या भावाने महिन्यातले दोन शनिवार-रविवार यायचे, आणि ते मी त्याला सांगायचे, तिने नाही. तिसरी अट ऐकून मी गप्प झालो. ती म्हणाली, "पुढच्या आषाढीला वारीला मी जाणार."

आमच्या घराण्याची वारी आहे. आण्णांचे पाय थांबले तेव्हा ती माझ्याकडे आली. मी परदेशी जाणार म्हणजे वारी चुकणार, याचीच मला सर्वांत जास्त बोच होती. गळ्यात माळ आहे, नेम आहे, मोडणार कसा? त्यावर मी काही तोडगे मनात योजले होते. भावाला पाठवू, चुलतभावाला सांगू. घरातल्या जिला पंढरीची माझ्याइतकीच ओढ आहे, तिचे नाव माझ्या मनात आलेच नव्हते.

ती म्हणाली, "लग्न झाल्यापासून पालखी दरवर्षी बघते. तरडगावला, फलटणला, जाऊन माउलींच्या पादुकांवर डोकं ठेवते आणि संध्याकाळच्या आत घरी येते. का? तर धारा काढायच्या असतात. आधी तुम्ही दोघं जात होता, मग आत्याबाईंचं आजारपण, मग आण्णांचं. कुणीतरी घरी राहिलं म्हणून तुमची वारी झाली."

माउली, माझ्या मते आपल्यापैकी प्रत्येक वारकऱ्याने हे वाक्य एकदा स्वतःच्या घरात ऐकावे. अठरा-वीस दिवस आपण चालतो, पायाला फोड येतात, पावसात भिजतो, आणि परत आलो की लोक आपल्या पाया पडतात. ज्याने त्या दिवसांत पेरणीची घात सांभाळली, गुरांना वैरण घातली, म्हाताऱ्याला अंघोळ घातली, त्याच्या पाया कोण पडतो?

आपल्या संतांच्या परंपरेने या माणसांचा आवाज दडपला नाही, हे विशेष. नामदेवराय पंढरपूर सोडून दूर उत्तरेत गेले. पंजाबात घुमान येथे त्यांनी दीर्घ काळ वास्तव्य केले असे परंपरा सांगते, आणि शिखांच्या गुरु ग्रंथसाहेबात त्यांची ६१ पदे आहेत. महाराष्ट्राबाहेर गेलेल्या मराठी माणसाचे इतके मोठे उदाहरण दुसरे शोधावे लागेल. त्यांच्या जाण्याने केवढे कार्य झाले, हे आपण अभिमानाने सांगतो. पण त्याच नामदेवांच्या गाथेत त्यांची आई गोणाई आणि पत्नी राजाई यांच्या नावाचेही अभंग आहेत, आणि त्यांत तक्रार आहे. मुलाचे घरात लक्ष नाही, नवऱ्याला संसाराची शुद्ध नाही, अशी ती तक्रार. संप्रदायाने ती गाथेतून काढून टाकली नाही. नामदेवांच्या अभंगांशेजारीच ती ठेवली. जाणाऱ्याचे थोरपण आणि राहणाऱ्याचे गाऱ्हाणे, दोन्ही एकाच गाथेत. म्हणजे जाणे चूक आहे असे संत म्हणत नाहीत. पण जाण्याची किंमत कुणी दिली, हेही विसरू देत नाहीत.

एवढे झाल्यावर मला सप्ताहातली वीणा आठवली. मी वही घेऊन कामे वाटायला बसलो होतो, पण ते वाटणे म्हणजे वीणा भिंतीला टेकवून निघून जाण्यासारखे होते. कुणीतरी उचलेलच, या भरवशावर. आपण गेलो म्हणून काम थांबत नाही, ते कुणाच्या तरी गळ्यात पडतेच. प्रश्न एवढाच, की ते त्याच्या गळ्यात पडू द्यायचे, की त्याला विचारून, वाकून, हातात द्यायचे?

आण्णांना सांगायचे काम मी सर्वांत शेवटी ठेवले होते, भीतीमुळे. दसऱ्याच्या आदल्या रात्री तेल लावताना सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारले, "किती लांब हाय?" मी म्हणालो, मुंबईहून मस्कतला विमानाने अडीच-तीन तास, तिथून सोहार मोटारीने दोनशे किलोमीटर. ते म्हणाले, "म्हंजी पंढरपूरपेक्षा लवकरच पोचतोस की." आणि हसले.

मग त्यांनीच तो विषय काढला, जो काढायची माझी हिंमत नव्हती. म्हणाले, "मधी माझं काय झालं, तर मला बर्फावर ठेवून तुझी वाट बघू नका. सूनबाईनं केलंय सगळं, तिनंच अग्नी द्यावा. तू आलास की तेराव्याला भजन लाव." मी त्यांचा पाय धरून बसलो. हातातली वाटी कलंडली. ते म्हणाले, "रडतोस कशाला? न बोलता गेला असतास आणि मग झालं असतं, तर जन्मभर रडला असतास."

हा शब्द मी जसाच्या तसा लिहितो, कारण या महाराष्ट्रात आज कितीतरी वारकऱ्यांच्या घरांतून मुले-मुली कामासाठी दूर गेली आहेत. कोणी आखातात, कोणी जर्मनीत, कोणी जहाजावर. निघताना व्हिसा होतो, वैद्यकीय तपासणी होते, दाखल्यांवर शिक्के होतात, बँकेत वारसाचे नाव लागते. म्हाताऱ्या आईबापांशी मरणाविषयी बोलणे मात्र राहून जाते. अशुभ वाटते म्हणून. आपण तर मरणाला भिऊ नये असे रोज गाणारी माणसे. आपण तरी हे बोलणे टाळू नये. आणि आईबापांनीही मन मोठे करून आपले मनोगत मुलांना निघण्याआधी सांगावे. त्याने जाणाऱ्याच्या पाठीवरचे फार मोठे ओझे उतरते.

मग हे सगळे केल्यावर जाणे निर्दोष होते का? माझ्या मते नाही. ते मी स्वतःला समजावत नाही. फोनवर आण्णांचा चेहरा दिसेल, पण त्यांच्या पोटरीला गोळा आला तर फोनमधून हात जाणार नाही. पैसे पाठवता येतात, सेवा पाठवता येत नाही. पैशाने ठेवलेला माणूस सेवा करील, पण ती त्याची सेवा असेल, माझी नाही. माझा मुलगा पाचवीतून सातवीत जाईल आणि ती दोन वर्षे मला कुणी परत देणार नाही. हे नुकसान आहे आणि ते नुकसान म्हणूनच सोबत घेऊन जायचे आहे. सोहारला आपल्यापेक्षा घड्याळ दीड तास मागे आहे. इथे सात वाजता आण्णा हरिपाठाला बसतील तेव्हा तिथे साडेपाच झालेले असतील. जमेल त्या दिवशी फोनवर त्यांच्या मागे म्हणेन. तेवढ्याने माझे कर्तव्य झाले असे मी मानणार नाही.

एक गोष्ट मात्र ठरवली आहे. पहाऱ्याला वेळ नेमलेली असते. वेळ संपली की ज्याची पाळी त्याने यायचे असते. दोन वर्षे झाली की कंपनी मुदत वाढवून देते असे ऐकतो, आणि बरेच जण एकेक वर्ष करत दहा वर्षे तिकडेच राहतात. माझी मुदत वाढायची असेल तर ते साहेबांना सांगण्याआधी घरी विचारायचे. घरून नाही आले तर परत यायचे. हे मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून खाली सही केली आहे. ती सही ओमानच्या सहीपेक्षा मोठी मानतो.

कार्तिकी झाली की निघायचे आहे. काल रात्री मी पत्नीला आण्णांच्या गोळ्यांचा डबा आणि तेलाची वाटी दिली. देताना सवयीने वाकलो, जसे पहाऱ्याला वाकतो तसे. ती एकदम मागे सरली, "अहो, हे काय!" म्हणाली. पलंगावरून आण्णा म्हणाले, "पडू दे त्याला पाया. वीणा देतोय तो." मग तीही वाकली, आणि वाटी घेतली.

तेल जरा जास्त कोमट झाले होते. तिने ते आधी स्वतःच्या मनगटावर घेऊन पाहिले, मग आण्णांच्या पायाला लावले. मी इतक्या वर्षांत कधी असे पाहिले नव्हते. आण्णा हरिपाठ म्हणू लागले. एका ठिकाणी शब्द अडला, आणि मी पुरवायच्या आत तिने पुरवला.

॥ रामकृष्ण हरी ॥